दम्याचा पंप लिहून देताना तो घरच्यांना शिकवायलाही हवा

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकात अलीकडेच मुलांच्या दम्यावरील नव्या औषधांविषयी एक सविस्तर लेख प्रसिद्ध झाला. त्यातील औषधांची माहिती अचूक होती, आणि ज्या मुलांचा दमा नेहमीच्या उपचारांना दाद देत नाही त्यांच्यासाठी आलेल्या जैविक इंजेक्शनांची त्यात दखल घेतली गेली, हेही बरे झाले. मात्र चिठ्ठीवर लिहिलेले औषध मुलाच्या श्वासनलिकेपर्यंत रोज पोहोचतेच, असे त्या लेखात गृहीत धरलेले होते. लहान मुलांच्या विभागात परिचारिका म्हणून काम करताना पंप कसा घ्यावा हे घरच्यांना शिकवण्याची जबाबदारी बरीच वर्षे माझ्याकडे आहे. या अनुभवावरून मला सांगावेसे वाटते की 'दाद न देणारा' म्हणून आमच्याकडे पाठवलेला दमा पुष्कळदा औषधाला दाद देणाराच असतो. औषध त्याच्यापर्यंत गेलेले नसते, इतकेच. असे का होते याचे उत्तर मुलाच्या हट्टात किंवा आईवडिलांच्या हयगयीत शोधण्याची आपल्याला सवय आहे. माझ्या मते ते तपासणीच्या खोलीत शोधायला हवे, जिथे घाईघाईने चिठ्ठी लिहिली जाते आणि ती घरी कोण, कशी आणि किती दिवस अमलात आणणार, हे विचारायला कोणी थांबत नाही.

प्रश्न लहान नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार 2019 साली जगभरात सुमारे 26 कोटी 20 लाख लोकांना दमा होता आणि त्या वर्षी 4 लाख 55 हजार लोक त्याने दगावले. मुलांमध्ये दीर्घकाळ चालणाऱ्या आजारांत दम्याचा क्रमांक सर्वांत वरचा आहे. याच संघटनेने 2003 साली दीर्घकालीन आजारांच्या उपचारांविषयी एक अहवाल काढला होता, आणि विकसित देशांतही असे रुग्ण सरासरी निम्मेच औषध ठरल्याप्रमाणे घेतात, असे त्यात म्हटले होते. मुलांच्या बाबतीत हे प्रमाण मोजणे आणखी अवघड असते, कारण औषध घेणारा एक, देणारा दुसरा आणि डॉक्टरांना सांगणारा बहुधा तिसराच असतो. अमेरिकेत 1996 साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात 8 ते 12 वर्षांच्या दमेकरी मुलांच्या पंपांना प्रत्येक वापराची नोंद ठेवणारे यंत्र बसवले होते. घरी लिहिलेल्या डायरीनुसार ठरलेल्या औषधापैकी 95 टक्क्यांहून अधिक औषध घेतले गेले होते. यंत्राच्या नोंदीनुसार ते प्रमाण 58 टक्के निघाले. त्याहून बोलका भाग पुढचा आहे. ज्या मुलांचा दमा बळावून त्यांना तोंडाने स्टेरॉइड द्यावे लागले, त्यांनी पंपातील औषध जेमतेम 14 टक्के घेतले होते, तर ज्यांना तशी वेळ आली नाही त्यांनी 68 टक्के. अभ्यासातील मुले थोडी होती हे मान्य. पण हा आकडा वाचून आमच्या विभागातले कोणी चकित होईल असे मला वाटत नाही.

यावरून घरचे लोक खोटे बोलतात, असा निष्कर्ष काढणे सोपे आहे आणि तो चुकीचा आहे. डॉक्टरांसमोर बसल्यावर 'पंप रोज देता ना?' असा प्रश्न आला की त्याला 'हो' याखेरीज दुसरे उत्तर देण्याची सोयच उरत नाही. तोच प्रश्न 'गेल्या आठवड्यात किती वेळा राहून गेला? बहुतेक घरांत राहतोच,' असा विचारला की आई क्षणभर घुटमळते आणि मग खरे काय ते सांगते. औषध चुकण्याची कारणे दोन प्रकारची असतात. काही घरांत विसर पडतो, पहाटेच्या धावपळीत पंप सापडत नाही, सकाळी एक जण देतो तर संध्याकाळचे दुसऱ्यावर सोडलेले असते. काही घरांत मात्र विचारपूर्वक औषध थांबवलेले असते. पहिल्या प्रकाराला नीट व्यवस्था लावून द्यावी लागते आणि दुसऱ्याला समजूत. जिथे आईला भीती वाटत आहे तिथे मोबाइलवर गजर लावून द्यायचा आणि जिथे ती केवळ दमलेली आहे तिथे आजारावर व्याख्यान द्यायचे, असा उलटा कारभार आपण नेहमी करतो.

विचारपूर्वक औषध थांबवण्यामागचा विचार एकदा समजून घेतला पाहिजे, कारण वरवर पाहता तो अगदी तर्कशुद्ध असतो. दम्याच्या मुलाकडे साधारणपणे दोन पंप असतात. एक त्रास झाल्यावर घ्यायचा, बहुधा साल्बुटामॉलचा. तो श्वासनलिकेभोवती आवळलेले स्नायू सैल करतो, काही मिनिटांत घरघर कमी होते आणि त्याचा परिणाम साधारण चार ते सहा तास राहतो. दुसरा रोज घ्यायचा, बहुधा बुडेसोनाइड, बेक्लोमेथासोन किंवा फ्लुटिकासोन यांपैकी एखाद्या स्टेरॉइडचा. तो श्वासनलिकेच्या आतल्या अस्तराची सूज उतरवतो, पण त्याचा गुण यायला काही दिवस, कधी काही आठवडे लागतात आणि घेतल्या घेतल्या मुलाला काहीही जाणवत नाही. आता घरच्यांच्या जागी उभे राहून पाहावे. एका पंपाने डोळ्यांदेखत मूल सावरते, दुसऱ्याने काहीच होताना दिसत नाही. तेव्हा पहिला खरा आणि दुसरा उगाच, असे वाटण्यात त्यांचे काय चुकले? त्यातून महिनाभर खोकला झाला नाही की दमा गेला, आता कशाला औषध, असे वाटू लागते. दम्याची सूज ही भिंतीत मुरलेल्या ओलीसारखी असते. वरून रंग लावून डाग झाकला जातो, पण ओल आत असते ती असतेच आणि पहिल्या पावसात पुन्हा फुटते, एवढे सांगितले की पुष्कळांच्या लक्षात येते. मूल खेळते आहे, झोपते आहे, खोकत नाही, हे रोजच्या पंपामुळेच आहे, हे वाक्य आम्ही वेगवेगळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा सांगतो, कारण ते एकदा सांगून पटत नाही.

रोजचा पंप सोडून केवळ त्रास झाल्यावरच्या पंपावर विसंबणे किती महागात पडते, याचे पुरावे भक्कम आहेत. कॅनडातील सस्कॅचवान प्रांतातल्या तीस हजारांहून अधिक रुग्णांच्या नोंदी तपासून 2000 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे आढळले की वर्षभरात वापरलेल्या स्टेरॉइडच्या प्रत्येक जादा पंपामागे दम्याने मृत्यू येण्याचे प्रमाण 21 टक्क्यांनी घटत होते. ब्रिटनमध्ये दम्याने झालेल्या 195 मृत्यूंची बारकाईने छाननी करणारा राष्ट्रीय अहवाल 2014 साली आला. मृत्यूपूर्वी त्रास झाल्यावरचा पंप ज्यांना लिहून दिलेला होता आणि त्याची संख्या ज्ञात होती, अशांपैकी 39 टक्के रुग्णांना वर्षभरात बाराहून अधिक असे पंप दिले गेले होते. आणि आपल्या दम्याचे काय करायचे याची लेखी योजना हाती असलेले रुग्ण एकूण 23 टक्केच होते. मरण पावलेल्यांत मुलेही होती. दम्याविषयी जगभरातील डॉक्टरांना मार्गदर्शन करणाऱ्या 'जिना' या उपक्रमाने 2019 पासून 12 वर्षांवरील कोणालाही केवळ साल्बुटामॉलसारख्या औषधावर ठेवू नये, अशी भूमिका घेतली आहे, ती अशाच पुराव्यांच्या आधारावर. त्याहून लहान मुलांसाठी उपचारांची आखणी वयानुसार वेगळी आहे, पण वारंवार त्रास होणाऱ्या मुलाला सूज उतरवणारे औषध मिळालेच पाहिजे, याबद्दल दुमत नाही.

स्टेरॉइड हा शब्द उच्चारला की मात्र खोलीतले वातावरण बदलते. वजन वाढेल, उंची खुंटेल, हाडे ठिसूळ होतील, सवय लागेल, असे सगळे एका दमात बाहेर येते. ही भीती हसण्यावारी नेणाऱ्या डॉक्टरांचा मला राग येतो, कारण तिच्यात तथ्यांश आहे आणि तो मान्य केल्याशिवाय पुढचे बोलणे कोणी ऐकत नाही. तोंडाने दिलेल्या स्टेरॉइडचा डोस मिलिग्रॅममध्ये असतो, दम्याच्या तीव्र झटक्यात मुलाला दर किलो वजनामागे एक ते दोन मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन रोज द्यावे लागते. पंपातला डोस मायक्रोग्रॅममध्ये असतो. शंभर मायक्रोग्रॅम म्हणजे मिलिग्रॅमचा दहावा भाग, आणि तोही थेट श्वासनलिकेसाठी दिलेला असतो. उंचीचे म्हणाल तर अमेरिकेत 5 ते 12 वर्षांच्या हजारावर दमेकरी मुलांवर झालेल्या चाचणीत काही मुलांना काही वर्षे रोज बुडेसोनाइड दिले होते. ती मुले प्रौढ झाल्यावर पुन्हा मोजली तेव्हा औषध न मिळालेल्या मुलांपेक्षा त्यांची उंची सरासरी 1.2 सेंटीमीटरने कमी भरली, असे 2012 साली प्रसिद्ध झाले. हा फरक उपचाराच्या सुरुवातीच्या काळात पडला होता आणि पुढे तो वाढत गेला नाही. हे जसेच्या तसे सांगावे. एका बाजूला सेंटीमीटरभर उंची आणि दुसऱ्या बाजूला वारंवार येणारे झटके, अपुरी झोप, बुडालेली शाळा आणि प्रत्येक झटक्यागणिक तोंडाने घ्यावे लागणारे कितीतरी पट स्टेरॉइड, असे दोन्ही समोर ठेवले तर बहुतेक आईबाप शहाणपणाने निवड करतात. लपवलेला आकडा त्यांना पुढे कुठूनतरी अर्धवट कळतो आणि मग पंप कपाटात जातो.

निवड करतात म्हणताना कोण करतो, हाही प्रश्न आहे. आमच्याकडे मुलाला घेऊन बहुधा आई येते, शिकवणी तिचीच होते आणि ती मान डोलावून जाते. पण घरी मुलाच्या औषधपाण्याचा शेवटचा शब्द तिचा असेलच असे नाही. एका मुलाला वारंवार दाखल करावे लागत होते, आईला सगळे तोंडपाठ होते, पंप घेण्याची पद्धतही बिनचूक होती. पुढच्या खेपेला तिच्याबरोबर मुलाची आजी आली आणि पाच मिनिटांत उलगडा झाला. "सिस्टर, एवढ्याशा पोराला रोज पंप द्यायचा? मोठेपणी त्याच्याशिवाय श्वास तरी घेता येईल का ह्याला?" असे तिने विचारले, आणि आई खाली बघू लागली. आई कामावर गेली की मुलाला सांभाळणारी आजीच होती आणि संध्याकाळचा पंप ती मायेपोटीच टाळत होती. मी तिला उपदेश केला नाही. स्पेसर, म्हणजे पंप आणि मुलाचे तोंड यांच्यामध्ये जोडायचा पोकळ डबा, तिच्या हातात दिला, त्यातून पंप कसा द्यायचा ते दाखवले, डोस केवढा असतो ते सांगितले, आणि सवय लागण्याच्या तिच्या प्रश्नाला सरळ उत्तर दिले की या औषधाची नशा किंवा सवय लागत नाही; दमा काबूत राहिला की डॉक्टर स्वतःच डोस हळूहळू कमी करतात. तिने मग एकच विचारले, "दिलेला बरोबर गेला का, ते कसं कळायचं?" यानंतर संध्याकाळच्या पंपाची जबाबदारी तिने घेतली. पंपाविषयी मनातली शंका बोलून दाखवण्याची संधी तिला त्याआधी कोणी दिलीच नव्हती. म्हणून माझे म्हणणे असे की पहिल्या शिकवणीला मुलाला सांभाळणारी जितकी माणसे आहेत तितकी बोलवावीत. वडील येऊ शकत नसतील तर त्यांना व्हिडिओ कॉलवर घ्यावे, पण आईच्या एकटीच्या खांद्यावर सगळे टाकून घरच्यांना शिकवले असे म्हणू नये.

आता प्रत्यक्ष पंपाविषयी. औषध 'दिले' आणि औषध 'गेले' यांत किती अंतर असते, ते घरच्यांना करून दाखवायला सांगितल्याशिवाय कळत नाही, आणि 'येतं आम्हाला' या उत्तरावर तर मुळीच विसंबू नये. मूल मांडीवर आडवे धरलेले असते, मास्क हनुवटीखाली घसरलेला असतो, पंप न हलवता एकापाठोपाठ दोन पफ दाबले जातात आणि मास्कच्या कडेने औषधाचा धुरकट झोत गालावरून निघून जाताना स्पष्ट दिसतो. मूल रडत असेल तर औषध छातीत जाते असा एक समज आहे, कारण रडताना ते मोठा श्वास घेते असे वाटते. प्रत्यक्षात रडणाऱ्या मुलाच्या फुप्फुसात औषध फारच थोडे पोहोचते. योग्य रीत अशी: मुलाला ताठ बसवावे, पंप चांगला हलवून स्पेसरला जोडावा, नाक आणि तोंड दोन्ही झाकून मास्क फट न राहता टेकवावा, एकच पफ दाबावा आणि मुलाला शांतपणे पाच-सहा श्वास घेऊ द्यावेत. दुसरा पफ द्यायचा असेल तर थोडे थांबून, पंप पुन्हा हलवून मगच द्यावा. साधारण चार-पाच वर्षांचे मूल तोंडात धरायच्या नळीने घेऊ शकते आणि ते जमू लागले की मास्क सोडून द्यावा. रोजच्या पंपानंतर चूळ भरावी, मास्क वापरला असेल तर चेहरा पुसावा. तोंडात बुरशी येऊ नये यासाठी एवढे पुरते. स्पेसर कोरड्या फडक्याने घासून पुसला की आतल्या भिंतीवर स्थिर वीज तयार होते आणि औषध तिथेच चिकटून बसते. म्हणून तो महिन्यातून एकदा सौम्य साबणाच्या कोमट पाण्यात धुऊन तसाच वाळू द्यावा.

पंप संपला हे ओळखण्यातही फसगत होते. औषध संपल्यावरही डबीतला वायू काही काळ फवारा देत राहतो, त्यामुळे दाबल्यावर फुस्स आवाज येतो म्हणजे औषध आहे, हा हिशेब खोटा ठरतो. डबी पाण्यात तरंगते का ते पाहण्याची जुनी युक्तीही भरवशाची नाही. आकडा दाखवणारा पंप असेल तर उत्तम. नसेल तर सरळ गणित करावे: 120 पफचा पंप सकाळी दोन आणि संध्याकाळी दोन या हिशेबाने 30 दिवस पुरतो, 200 पफचा 50 दिवस. संपण्याची तारीख डबीवर पहिल्याच दिवशी पेनाने लिहून टाकावी.

हे सगळे एका बैठकीत शिकवून होत नाही. माहितीपत्रक हातात देणे म्हणजे शिकवणे, असा समज असलेल्या व्यवस्थापनाशी माझे नेहमी मतभेद होतात. पत्रक उपयोगी असते, पण ते शिकवणीनंतर. आधी करून दाखवावे, मग घरच्यांकडून करून घ्यावे, चुकलेली एक गोष्ट दुरुस्त करावी आणि पुन्हा करून घ्यावे. चांगले शिकलेल्यांची पद्धतही काही महिन्यांत घसरते, म्हणून प्रत्येक भेटीत पंप आणि स्पेसर घेऊन यायला सांगावे. आणि मुलाला बाजूला बसवून मोठ्यांनीच बोलू नये. पाच वर्षांच्या मुलालाही आपली छाती केव्हा 'घट्ट' होते हे सांगता येते, आणि स्पेसरवर चित्र चिकटवायला मिळाले तर पंप आणून देण्याचे काम ते आनंदाने करते.

मोठ्या मुलांची अडचण निराळी. दहा-अकरा वर्षांचे मूल समजूतदार दिसू लागले की पंपाची जबाबदारी त्याच्यावर सोपवून घरचे मोकळे होतात आणि नेमका तिथून औषधाचा नेम सुटतो. या वयात मित्रांसमोर पंप काढायची लाज वाटते, आपण आजारी आहोत हे कबूल करायचे नसते, आणि आईने रोज विचारलेलेही नको असते. जबाबदारी द्यावी, पण टप्प्याटप्प्याने. औषध मुलाने घ्यावे आणि मोठ्या माणसाने ते घेताना पाहावे, अशी काही वर्षे मध्ये हवीत. पंप दात घासण्याच्या जागी ठेवला आणि दात घासण्याआधी घ्यायचा असे ठरवले, तर आठवण करून द्यावी लागत नाही आणि चूळही आपोआप होते. यंत्राची मदत घेता येते हे खरे आहे. न्यूझीलंडमध्ये 6 ते 15 वर्षांच्या 220 मुलांवर केलेल्या आणि 2015 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत आवाज करून आठवण देणारे उपकरण पंपाला लावले, तेव्हा औषध घेण्याचे प्रमाण 84 टक्के झाले. उपकरण मुके ठेवलेल्या मुलांत ते 30 टक्के होते. विसर पडणाऱ्या घरांसाठी हा फार मोठा फरक आहे. पण पंपाची भीती बसलेल्या घरात असे उपकरण वाजत राहील आणि कोणीतरी ते काढून ठेवील, हेही तितकेच खरे.

शाळांचा सहभाग इथे कामी येतो. अमेरिकेतील रोचेस्टर शहरात शाळेच्या दिवशी रोजचा पंप शाळेतच, परिचारिकेच्या देखरेखीखाली देण्याचे प्रयोग झाले आणि त्या मुलांचे त्रासाविना जाणारे दिवस वाढले. प्रत्येक शाळेला हे जमणार नाही. पण त्रास झाल्यावरचा पंप मुलाजवळ किंवा वर्गशिक्षकांजवळ असावा, कुलूपबंद कपाटात नसावा, आणि धावल्यावर धाप लागणाऱ्या मुलाला खेळातून कायमचे बाद करू नये, एवढे कोणत्याही शाळेला करता येईल.

प्रत्येक दमेकरी मुलाच्या घरी एक पानी लेखी योजना असायला हवी, असा माझा आग्रह आहे. मूल बरे असताना रोज काय द्यायचे. रात्रीचा खोकला, घरघर किंवा सर्दी सुरू झाली आणि त्रास झाल्यावरचा पंप जास्त लागू लागला तर काय करायचे. आणि कशाचीही वाट न पाहता दवाखाना केव्हा गाठायचा, एवढे तीन भाग त्यात साध्या भाषेत लिहिलेले असावेत. बरगड्यांमधली जागा श्वासागणिक आत ओढली जाणे, वाक्य पुरे करता न येणे, ओठ निळसर दिसणे, आणि त्रास झाल्यावरच्या पंपाचा परिणाम चार तासही न टिकणे, ही धोक्याची लक्षणे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक हवीत. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी हिरवा, पिवळा आणि लाल असे तीन रंग आणि चित्रे पुरतात. घरात कोणी धूम्रपान करत असेल तर त्याच पानावर तेही लिहावे, कारण धुराने झटके तर वाढतातच, शिवाय पंपातल्या स्टेरॉइडचा गुणही कमी येतो.

शिक्षणाने सगळे सुटेल असा माझा दावा नाही. औषध परवडत नसेल किंवा दवाखान्यात पंपांचा साठाच संपलेला असेल, तर घरच्यांना पंपाचे महत्त्व पटवत बसणे ही क्रूर थट्टा आहे. तिथे आधी औषध मिळवून दिले पाहिजे. काही मुलांना सगळे नीट देऊनही त्रास होत राहतो, त्यांचे निदान पुन्हा तपासावे लागते आणि थोड्यांना ती नवी इंजेक्शनेही लागतात. परंतु डोस वाढवण्यापूर्वी किंवा इंजेक्शन सुरू करण्यापूर्वी मूल आहे ते औषध घेते का आणि बरोबर घेते का हे पाहावे, असे 'जिना'ची मार्गदर्शक तत्त्वेही सांगतात, आणि ते पाहायला लागणारी माणसे नेमण्याचा विषय मात्र क्वचितच कोणाच्या कामकाजात येतो.

याच संदर्भात माझ्या दोन सूचना आहेत. झटका येऊन तातडीच्या विभागात आलेल्या किंवा दाखल झालेल्या प्रत्येक मुलाच्या घरच्यांना घरी पाठवण्याआधी शिकवणी मिळावी आणि तिची नोंद सुटीच्या कागदावर असावी. तातडीच्या विभागात दम्यासाठी येऊन गेलेल्या मुलांविषयीच्या अनेक चाचण्यांचा एकत्रित आढावा 2009 साली कॉक्रेन संस्थेने प्रसिद्ध केला होता. मुलांना आणि त्यांच्या पालकांना दम्याविषयी शिकवल्यावर पुन्हा तातडीने यावे लागण्याचे आणि दाखल व्हावे लागण्याचे प्रमाण घटते, असा त्याचा निष्कर्ष होता. नेमकी याच वेळी घरच्यांची ऐकण्याची तयारी सर्वांत जास्त असते आणि नेमकी हीच वेळ आपण बिलाच्या नि कागदपत्रांच्या रांगेत घालवतो. वेळ नाही ही सबब मला पटत नाही. एका मुलाला रात्रभर नेब्युलायझरवर ठेवण्यात परिचारिकांचा जो वेळ जातो, त्याच्या मानाने शिकवणीची पंधरा-वीस मिनिटे काहीच नाहीत.

दुसरी सूचना औषधविक्रेत्यांसाठी आहे. मुलाचा दमा घसरत चालल्याचे डॉक्टरांच्या आधी त्यांना दिसते, कारण त्रास झाल्यावरचा पंप पुन्हा पुन्हा नेला जातो आणि रोजच्या पंपाची चिठ्ठी तशीच राहते. चांगल्या आटोक्यात असलेल्या दम्याला वर्षभरात असे पंप फार लागत नाहीत. कोणी महिन्याच्या आत दुसरा मागायला आले, तर औषध अडवून ठेवू नये, कारण घरी मूल धापा टाकत असू शकते. पण रोजचा पंप चालू आहे का एवढे विचारावे आणि नसल्यास त्याच आठवड्यात डॉक्टरांना भेटायला सांगावे.

आपली विश्वासू,
बालरोग विभागातील एक परिचारिका
(नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे.)